ज्या शाळेनं माहिती दिली, तिला काय मिळालं?

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ भागातली एखादी पाड्यावरची शाळा घ्या. चौथीची मुलं घरी कोकणा बोलतात आणि शाळेत प्रमाण मराठीतलं पुस्तक उघडतात. करवंदं कुठे पिकली, बैल कसा बुजला, असं काही विचारलं तर ती न थांबता सांगतात. पुस्तकातला उतारा पुढे ठेवला की जोडाक्षरापाशी अडतात, अडली की मान खाली घालतात आणि तास संपेपर्यंत वर बघत नाहीत. शिक्षिका हे रोज पाहते. बोलताना एवढी मोकळी असणारी मुलं वाचताना गप्प का होतात, हा तिचा प्रश्न असतो. तिचं एम.एड. झालेलं असतं, सेटही निघालेली असते. एक दिवस ती ठरवते, याच प्रश्नावर पीएच.डी. करायची.

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या अशा शिक्षक-शिक्षिकांशी मी बरीच वर्षं बोलत आले आहे. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतले, कुणी अनुदानित माध्यमिक शाळेतले, कुणी विनाअनुदानित बी.एड. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारे. प्रत्येकाची कहाणी निराळी, पण एक अनुभव जवळजवळ सगळ्यांच्या वाट्याला आलेला. वर्गात सुचलेला प्रश्न विद्यापीठात पोचेपर्यंत ओळखू येईनासा होतो. गाइडकडच्या पहिल्या खेपेला विषय ‘मोजता येईल असा’ करायला सांगितलं जातं. आराखड्यात स्वतंत्र चल, आश्रयी चल आणि शून्य परिकल्पना येतात. संशोधन मान्यता समितीपुढे, म्हणजे सगळे जिला आरआरसी म्हणतात तिच्यापुढे, जाईपर्यंत त्याचं शीर्षक ‘इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या मराठी विषयातील संपादणुकीवर अमुक अध्यापन कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास’ असं झालेलं असतं. घरातली कोकणा त्यात उरत नाही आणि मान खाली घालणारी मुलंही उरत नाहीत.

शिक्षणातली पीएच.डी. वर्गातल्या प्रश्नापासून निघावी आणि उत्तर घेऊन त्याच वर्गाकडे परत जावी, असं मला मनापासून वाटतं. आज ती दोन्ही टोकांना तुटली आहे. प्रश्न विद्यापीठाच्या साच्यातून येतो आणि उत्तर ग्रंथालयाच्या कपाटात जातं.

या अभ्यासाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबई विद्यापीठानं एम.एड. १९३६ साली सुरू केलं आणि शिक्षणशास्त्रातली देशातली पहिली पीएच.डी. १९४३ साली दिली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून एम. बी. बुच यांनी १९७४ साली देशभरातल्या शिक्षणविषयक संशोधनाचा पहिला मोठा आढावा प्रसिद्ध केला. पुढे ते काम एनसीईआरटीकडे गेलं. म्हणजे आठ दशकांची पुंजी आपल्यापाशी आहे. तरीही एखाद्या केंद्रप्रमुखाला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारा, तुमच्या तालुक्यातल्या शाळांवर आजवर झालेल्या प्रबंधांपैकी एक तरी तुम्ही वाचलात का? मी जिथे जिथे विचारलं तिथे उत्तर नकारार्थीच आलं, आणि त्यात केंद्रप्रमुखांचा दोष नाही. त्यांच्यापर्यंत ते कुणी आणलेच नाहीत.

आता वाटेवरची नाकी बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाची सध्याची नियमावली नोव्हेंबर २०२२ मधली. तिच्याप्रमाणे प्रवेशापासून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. बारा ते सोळा श्रेयांकांचं कोर्सवर्क करावं लागतं. प्रवेशासाठी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा ‘पेट’ किंवा राष्ट्रीय पातळीवरची नेट. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार, याहून जास्त संशोधक एका वेळी असू शकत नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही.

हे नियम वाईट नाहीत. एकेका गाइडकडे गर्दी झाली होती, ती हटवायला हवीच होती. पण गाइडची संख्या वाढल्याशिवाय मर्यादा आखून दिल्या की रांग लांबते. शिक्षणशास्त्र विभागांतल्या आणि महाविद्यालयांतल्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, जुने प्राध्यापक निवृत्त होतात आणि पेट उत्तीर्ण झालेला उमेदवार ‘गाइड मिळतो का’ म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावाला फिरत राहतो. गाइड मिळाला की विषय त्याच्या सोयीचा घ्यावा लागतो. मूळ प्रश्नाला पहिला धक्का इथेच बसतो.

दुसरा धक्का वेळेचा. नियमात अंशकालीन पीएच.डी.ची सोय आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात या व्यक्तीला अभ्यासाला वेळ मिळेल, गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक दिली जाईल, असं लिहून द्यावं लागतं. कागदावर ही सही होते. प्रत्यक्षात दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक कोर्सवर्कला गेला की चार वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. शिवाय निवडणूक आणि जनगणना. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानंच त्यांना वाट मोकळी ठेवली आहे. पोषण आहाराच्या नोंदी, पोर्टलवरची माहिती आणि बदल्या वेगळ्याच. ज्या वर्गावर आराखडा मंजूर झाला त्या वर्गावरून मधेच बदली झालेली शिक्षिका नव्या गावी काय मोजणार? अशांपैकी कित्येकींनी सकाळी साडेचारला उठून, घरची माणसं जागी व्हायच्या आत प्रकरणं लिहिली आहेत. स्त्रियांना दिलेली वाढीव दोन वर्षं ही मेहेरबानी नाही. घरकामाचा भार कुणावर आहे, याची ती कबुली आहे.

पैशाचं गणितही इथेच सांगते. नेटमधून जेआरएफ ही कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळालेल्या पूर्णवेळ संशोधकाला जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत आणि त्यांच्यामुळे शेतमजुराच्या, ऊसतोड कामगाराच्या घरातली मुलं संशोधनात आली. या अधिछात्रवृत्त्या वेळेवर मिळाव्यात, जागा कापू नयेत, यासाठी याच मुलांना पुण्यात आणि मुंबईत उपोषणाला बसावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळाच्या नागपूरच्या अधिवेशनात तर पीएच.डी. करून ही मुलं असं काय मोठं साधणार, या अर्थाचा सवाल सत्ताधारी बाकांवरून झाला. तो सवाल माझ्या जिव्हारी लागला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर इतरांनी लिहिलं, ती माणसं आता स्वतः लिहू लागली आहेत. हे साध्य लहान नाही. नोकरी करणाऱ्या शिक्षकाला मात्र बहुधा काहीच मिळत नाही. शुल्क, प्रवास, प्रश्नावल्यांच्या झेरॉक्स, टायपिंग, बाइंडिंग, सगळं पगारातून.

मग माणसं हे का करतात? नोकरीसाठी आणि बढतीसाठी करतात, हे मोकळेपणानं मान्य करू. विद्यापीठीय विभागात सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची होणार, असं आयोगानं २०१८ साली जाहीर केलं. जुलै २०२१ ची मुदत पुढे ढकलली आणि जुलै २०२३ पासून सक्तीच काढून नेट, सेट पुरेशी ठरवली. या धरसोडीत हजारो उमेदवारांनी घाईनं नोंदणी केली. घाईच्या संशोधनाचं काय होतं, ते शोधनिबंधांच्या बाजारानं दाखवलं. पूर्वी प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापून यावा लागे आणि दोन परिषदांत वाचन करावं लागे. पैसे घेऊन आठवड्यात छापणारी नियतकालिकं त्यावर पोसली गेली. २०२२ च्या नियमावलीनं ती सक्ती उठवली. मला हा निर्णय योग्य वाटतो.

पण नोकरीच्या पलीकडेही काही आहे. घरात पहिल्यांदाच कुणाच्या नावामागे ‘डॉ.’ लागतं तेव्हा गावात फ्लेक्स लागतो, शाळेत सत्कार होतो. शहरात बसून त्याला हसू नये. ज्या घरात पाटीपेन्सिल उशिरा आली, तिथे हा मान फार मोलाचा असतो. म्हणूनच त्या मानामागचं काम सकस हवं, असा माझा आग्रह आहे.

त्या कामाकडे नीट बघायला हवं. शिक्षणशास्त्रातल्या बहुसंख्य प्रबंधांना पाच प्रकरणं असतात: प्रस्तावना, संबंधित साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, माहितीचं विश्लेषण व अर्थनिर्वचन आणि शेवटी सारांश, निष्कर्ष व शिफारशी. प्रायोगिक अभ्यास असेल तर दोन गट घेतात. एकाला नव्या पद्धतीनं शिकवतात, दुसऱ्याला नेहमीच्या. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, मग टी-मूल्य काढायचं आणि ०.०५ स्तरावर फरक सार्थक आहे का ते पाहायचं. टी-चाचणी शोधली विल्यम गॉसेट यांनी. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात काम करताना थोड्या नमुन्यांवरून भरवशाचा अंदाज कसा बांधायचा हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि १९०८ साली त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावानं त्याचं उत्तर छापलं. उत्तम साधन आहे. पण नमुना यादृच्छिक असावा, ही त्यामागची अट. आपल्या शाळांत काय होतं? मुख्याध्यापक मुलं पाहिजे तशी वाटू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून संशोधक ‘अ’ तुकडीला प्रायोगिक गट धरतो आणि ‘ब’ तुकडीला नियंत्रित. कितीतरी शाळांत हुशार मुलं ‘अ’मध्ये घातलेली असतात, हे गावाला ठाऊक असतं, प्रबंधात मात्र येत नाही.

याहून मोठी अडचण माणसाची आहे. प्रायोगिक गटाला संशोधक स्वतः शिकवतो. तो मन लावून तयारी करून येतो, चित्रं आणतो, मुलांची नावं पाठ करतो. दुसऱ्या गटाला नेहमीचे शिक्षक नेहमीसारखं शिकवतात. पंधरवड्यानं पहिल्या गटाचे गुण वाढतात आणि निष्कर्ष निघतो की पद्धत परिणामकारक आहे. मोजलं गेलं ते त्या माणसाचं मन लावणं. खरं तर हा निष्कर्ष कितीतरी मोलाचा: मन लावून तयारी करणारा शिक्षक मिळाला तर मुलं शिकतात. मग त्या तयारीला शिक्षकाला वेळ का मिळत नाही, हा पुढचा प्रश्न त्यातून निघाला असता. पण शीर्षकात तो बसत नाही.

सर्वेक्षण असेल तर प्रश्नावली. जानेवारी-फेब्रुवारीत, शाळा परीक्षेच्या तयारीत असताना, संशोधक गठ्ठा घेऊन येतो. ऑफ तासाला मुलांना हॉलमध्ये बसवलं जातं. ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच रकाने. मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, सर, यात काय लिहायचं? शेजारी वर्गशिक्षक उभे असतात. मुलं भराभर ‘सहमत’वर खुणा करतात, गठ्ठा परत जातो. या खुणांवर पुढे टक्केवारी, आलेख आणि शिफारशी उभ्या राहतात.

हे सगळं असंच असावं लागतं का? नाही. आपल्याच भूमीत वेगळं घडलेलं आहे.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं उदाहरण घ्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ साली मुंबईत सुरू झालं आणि आज तिथे विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करता येते. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. सुरुवातीचं काम जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या ग्रामीण शाळांत झालं. मग ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर त्यांनी काम केलं. ही मुलं विज्ञानात मागे का, याचा शोध घेताना पुस्तकातली भाषा हा मोठा अडथळा असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. पुस्तकातला मजकूर सोप्या मराठीत पुन्हा लिहून वर्गात वापरून पाहिला गेला, आणि मुलं पुढे सरकली. प्रश्न वर्गात सापडला, उपाय त्याच वर्गात तपासला. कुणाची बुद्धी कमी असल्याचा शेरा मारून ते मोकळे झाले नाहीत.

चित्रा नाईक यांची मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. शिक्षणशास्त्रातलीच. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक आणि त्यांनी मिळून १९४८ साली मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली. १९७६ मध्ये ती पुण्यात आली. पुढे पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत, दिवसा गुरं राखणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या मुलामुलींसाठी संध्याकाळचे अनौपचारिक वर्ग त्यांनी चालवले. ते वर्ग हेच संशोधन होतं. वेळ कोणती ठेवायची, मुली कशा येतील, शिकवणारा गावातलाच का हवा, याची उत्तरं गावकऱ्यांबरोबर बसून काढली गेली. शाळा ही शिक्षण संचालनालयानं पाठवायची वस्तू मानली जात होती, तेव्हाची ही गोष्ट.

आणि फलटण. मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकेच्या. साठच्या दशकात त्या भाषाविज्ञानाच्या संशोधनासाठी फलटणला आल्या. गावातली वेगवेगळ्या जातींची, कमी-अधिक शिकलेली माणसं मराठी कशी बोलतात, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. पेनसिल्व्हानिया विद्यापीठानं १९७३ साली त्यांना पीएच.डी. दिली. इथपर्यंतची कहाणी इतर कित्येक परदेशी संशोधकांसारखीच. ते आले, ध्वनिफिती भरल्या आणि गेले. मॅक्सीनमावशी गेल्या नाहीत. ज्या गावानं त्यांना आपली बोली ऐकवली, त्याच गावात, मंगळवार पेठेतल्या शाळा सुटलेल्या दलित मुलांसाठी त्यांनी वर्ग घेतले. १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. त्यांनी भारताचं नागरिकत्वही घेतलं.

त्या शाळेत वाचायला कसं शिकवतात, ते बघण्यासारखं आहे. वर्णमालेच्या क्रमानं क, ख, ग घोकून न घेता थोडी अक्षरं आणि एखाददुसरं स्वरचिन्ह यांचा छोटा गट घेतात. त्या गटातून लगेच शब्द तयार होतात, शब्दांतून वाक्य. मूल पहिल्या काही आठवड्यांतच अर्थ असलेलं काहीतरी वाचतं. बरोबरीनं त्याला स्वतःच्या बोलीत बोलू देतात, त्याचं सांगणं लिहून घेतात. घरची बोली अशुद्ध म्हणून पुसली जात नाही. प्रबंधात नोंदवलेलं भाषेचं वैविध्य इथे वर्गाचं बळ झालं. सुरगाण्याच्या शिक्षिकेला हवं असलेलं उत्तर याच दिशेला आहे. तिला ते प्रबंधांच्या ढिगातून सापडेल का?

अवघड आहे. देशातले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर ठेवले जातात. गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था ते चालवते. शिक्षणशास्त्रातले मराठीत लिहिलेले प्रबंधही तिथे भरपूर आहेत, आणि ते कुणालाही फुकट वाचता येतात. ही मोठी सोय. पण यातले कितीतरी प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन करून चढवलेले आहेत. ‘जोडाक्षर’ हा शब्द देऊन शोधलं तर आतला मजकूर सापडतच नाही, कारण यंत्राला ती अक्षरं अक्षरं म्हणून दिसत नाहीत. शीर्षकं बऱ्याचदा रोमन लिपीत. म्हणजे मराठी शिक्षकांवर मराठीत झालेलं काम मराठी शिक्षकालाच मिळत नाही. विद्यापीठांनी ठरवलं तर युनिकोडची सक्ती आणि मराठीतला गोषवारा, एवढं एका परिपत्रकात होईल. जुने प्रबंध पुन्हा टाइप करणंही अशक्य नाही. त्यासाठी थोडा पैसा आणि चिकाटी लागेल.

भाषेचं आणखी एक ओझं आहे. मराठीत प्रबंध लिहायला परवानगी असली तरी ‘इंग्रजीत लिहा, पुढे उपयोग होईल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मराठीत विचार करणारी शिक्षिका मग इंग्रजी वाक्यं इकडून तिकडून गोळा करते. वाङ्मयचौर्य तपासणीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही; त्यावर गेलं की दुरुस्ती, आणि पुढे कडक कारवाई. मग शब्द बदलून देणारी दुकानं चालतात. या शिक्षिकेला तिच्या भाषेत लिहू दिलं असतं तर तिनं मुलांबद्दल जे पाहिलं ते तिच्याच शब्दांत आलं असतं, आणि ते चोरीचं ठरण्याचा प्रश्नच उरला नसता.

शेवटचा टप्पा मौखिक परीक्षेचा, ओपन व्हायवाचा. बाहेरून परीक्षक येतात, नातेवाईक येतात, प्रश्नोत्तरं होतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्यानंतरचं जेवण, शाल-श्रीफळ, परीक्षकांची सरबराई उमेदवाराच्या खिशातून होते. कुणी मागत नाही, असं सांगितलं जातं. न करणाऱ्याला मात्र धाकधूक असते. ही प्रथा विभागप्रमुखांनी उद्याच्या उद्या बंद करावी. व्हायवा ऑनलाइन घेण्याची मुभा नियमातच आहे.

त्या खर्चाच्या दहाव्या हिश्शात दुसरं एक काम होईल. प्रत्येक केंद्रावर शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. ज्या शाळांतून माहिती घेतली, त्या केंद्राच्या परिषदेत संशोधकानं तासभर यावं आणि काय सापडलं ते साध्या मराठीत सांगावं. दहा पानी गोषवारा प्रत्येक शाळेत ठेवावा. काहीच सापडलं नसेल तर तेही सांगावं. शिक्षकांना त्यातूनही कळतं. शिक्षकांनी शंका विचाराव्यात, चुकीचं वाटलं तर तसं म्हणावं. या सभेचा अहवाल जोडल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये, असा नियम विद्यापीठांनी करावा. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. असा नियम असेल तर आराखडा लिहितानाच संशोधक विचार करील की हे मी त्या शिक्षकांपुढे कोणत्या तोंडानं सांगणार, आणि प्रश्न आपोआप सुधारतील.

नियम व्हायला वेळ लागेल. तोवर मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. या जानेवारीत प्रश्नावलीचा गठ्ठा आणि परवानगीचं पत्र घेऊन कुणी आलं तर त्यांना बसवा, चहा द्या, मुलं आणि वेळ द्या; पण पत्रावर सही करण्याआधी, निष्कर्ष सांगायला ते शाळेत कधी येणार, ती तारीख त्यांच्याच हातानं पत्रावर लिहून घ्या.